आईचा गुडघा आणि हाडांचे डॉक्टर: पहिल्या भेटीची पूर्ण कृती

आई जिना चढताना कठडा धरून थांबते, मांडी घालून बसणं तिनं कधीच सोडलंय आणि विचारलं की म्हणते, "वय झालं, दुखायचंच." चला, तो गुडघा एकदा नीट दाखवून आणू. हाडांचे डॉक्टर, म्हणजे ऑर्थोपेडिक, नुसतं प्लास्टर घालत नाहीत. हाडं, सांधे, स्नायू, सांधे बांधून ठेवणाऱ्या पट्ट्या आणि पाठीचा मणका, असं सगळंच ते बघतात. त्यांच्याकडे जाणं म्हणजे ऑपरेशन, ही भीती दारातच सोडा. गुडघेदुखीच्या बऱ्याच पेशंटना ते व्यायाम, थोडी औषधं आणि चार पथ्यं सांगून घरी पाठवतात.

तपासणीच्या खोलीत वेळ थोडाच मिळतो. तो सत्कारणी लागायचा तर तयारी घरी हवी. खालच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानंच करा, मधली एखादी गाळू नका.

हाताशी काय हवं

वही आणि पेन, आई घेते त्या सगळ्या औषधांची पिशवी, जुने एक्स-रे आणि रिपोर्ट, आधार कार्ड, रेशन कार्ड, विम्याचं कार्ड असल्यास ते, सैल कपडे, पाण्याची बाटली आणि थोडा खाऊ.

टप्पा पहिला: आजच पळायला हवं का?

नंबर लावायच्या आधी ही पाच मिनिटांची चाचपणी करा. पुढचं सगळं हिच्यावर अवलंबून आहे.

१. पडली होती का, ते विचारा. कधी, कुठे, कशी, हे शांतपणे काढून घ्या. बाथरूममध्ये घसरल्याचं म्हातारी माणसं हमखास लपवतात, कारण घरचे ओरडतील. आवाज चढवलात तर खरं उत्तर मिळणार नाही.

२. आईला उताणं झोपवून दोन्ही पाय शेजारी शेजारी बघा. पडल्यानंतर एक पाय आखूड दिसतोय आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलंय, तर खुब्याचं हाड मोडल्याची शंका घ्या. सावधान: पाय ओढून सरळ करू नका आणि तिला उभं तर अजिबात करू नका.

३. दोन्ही पावलांना हात लावा. दुखऱ्या बाजूचं पाऊल गार, पांढरट किंवा निळसर आहे का? बोटांना स्पर्श कळतो का? इथे फरक जाणवला तर पुढच्या पायऱ्या राहू द्या, थेट कॅज्युअल्टी गाठा.

४. हाताच्या पाठीनं गुडघ्याची ऊब बघा. आधी चांगला गुडघा, मग दुखरा. दुखरा गुडघा लाल, सुजलेला आणि चांगलाच गरम लागतोय, सोबत ताप किंवा हुडहुडी आहे, तर सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. हे त्याच दिवशी दाखवायचं दुखणं आहे. तेल चोळत बसू नका.

५. दोन्ही पोटऱ्या ताडून बघा. एकच पोटरी सुजली आहे, दाबली की दुखते, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. अशा पोटरीला मालिश करायची नाही. दम लागत असेल तर वाट बघू नका.

६. चार पावलं चालायला सांगा. दोन ते पाच या चारही पायऱ्या ठीक निघाल्या असतील तरच, आणि तुम्ही शेजारी उभे राहून. मार लागल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील, तर आजच एक्स-रे हवा. "उद्या बघू" इथे चालत नाही.

७. दुखणं गुडघ्यापुरतंच आहे का, ते विचारा. कंबरदुखीबरोबर लघवी अडली किंवा नकळत झाली, किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, तर मणक्यातल्या नसांवर दाब असू शकतो. तेही आजच दाखवायचं. आणि खांदा, हात किंवा जबडा दुखतोय, घाम फुटलाय, छाती भरून आलीये, तर ते हाडाचं दुखणं समजू नका. आधी हृदय तपासून घ्या.

८. यातलं काहीही आढळलं तर १०८ ला फोन करा. जखमेतून हाड दिसत असेल तर स्वच्छ कापडानं झाका, हाड आत ढकलू नका. ऑपरेशन लागू शकतं, म्हणून वाटेत चहा, पाणी, बिस्किट काही देऊ नका. हळद-चुन्याचा लेप आणि घट्ट पट्टी, दोन्ही नको.

सगळं ठीक निघालं? छान. आता घाई नाही, पुढच्या टप्प्यावर या.

टप्पा दुसरा: घरी दोन आठवडे

९. दुखणारी कामं तेवढी थांबवा. जमिनीवर बसणं, उकिडवं बसणं, वारंवार जिना, जड बादल्या. घरातल्या घरात चालणं चालूच ठेवा. सावधान: पूर्ण अंथरूण धरलं तर मांडीचे स्नायू सैल पडतात आणि गुडघा आणखी कुरकुरतो.

१०. सूज नवी असेल तर बर्फ लावा. रुमालात गुंडाळून, पंधरा ते वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. बर्फ थेट कातडीवर ठेवू नका. दुखणं जुनं आहे, सूज नाही, नुसता आखडलेपणा आहे, तर कोमट शेक चालतो. आईला मधुमेह असेल आणि पाय बधिर असतील तर शेक आधी तुमच्या हाताला लावून बघा. तिला चटका कळणार नाही.

११. घरातल्या उरलेल्या वेदनाशामक गोळ्या उचलून ठेवा. शेजारच्या काकूंना गुण आला ती गोळी आईला चालेलच असं नाही. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या पोटाला, मूत्रपिंडाला आणि रक्तदाबाला त्रास देऊ शकतात. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर धोका आणखी वाढतो. काही द्यायचं तर नेहमीच्या डॉक्टरांना फोन करून विचारा.

१२. काठी द्या. मूठ किती उंचीवर हवी? आईला चपला घालून सरळ उभं करा, हात सैल सोडायला सांगा. मनगटावर घडी पडते तिथे काठीची मूठ यायला हवी. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, डावा दुखत असेल तर उजव्या. काठी आणि दुखरा पाय एकदमच पुढे टाकायचे. बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात. तिथेच चुकतं.

१३. कालनिर्णयवर आजच्या तारखेला खूण करा. दोन आठवड्यांत उतार पडला नाही तर नंबर लावायचा. काही लक्षणांना मात्र एवढीही मुदत देऊ नका: गुडघा मध्येच अडकतो आणि सरळ होत नाही, चालताना अचानक दगा देतो, रात्री दुखण्यानं झोपमोड होते, सूज कमी होत नाही, किंवा पाय दिवसेंदिवस धनुष्यासारखा वाकत चाललाय.

टप्पा तिसरा: नंबर लावणं आणि तयारी

१४. दार बरोबर आहे ना, ते ठरवा. एक-दोन सांधे, जुनी किंवा नवी इजा, जिना चढता-उतरता वाढणारं दुखणं, हे हाडांच्या डॉक्टरांचं काम. पण दोन्ही हातांची बोटं, मनगटं सुजतात आणि सकाळचा आखडलेपणा तासाभरापेक्षा जास्त टिकतो, तर संधिवाततज्ज्ञ गाठा. समजत नसेल तर फॅमिली डॉक्टरांना विचारा, ते चिठ्ठी देतील.

१५. डॉक्टरांची पदवी वाचा. पाटीवर एम. एस. (ऑर्थो), डी. एन. बी. (ऑर्थो) किंवा डी. ऑर्थो असं काही दिसायला हवं. काही जण पुढे गुडघा, मणका, हात किंवा लहान मुलांची हाडं यातच काम करतात. पहिल्या भेटीला असा खास डॉक्टर शोधायची गरज नाही. "हाड बसवून देतो" म्हणणाऱ्याकडे एक्स-रे न काढता आईचा पाय ओढायला देऊ नका.

१६. फोन करून नंबर लावा. त्याच फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या: लिफ्ट आहे का, व्हीलचेअर मिळेल का, एक्स-रे तिथेच निघतो का. गुडघा दाखवायला गेलेल्या आईला तीन मजले चढायला लागले तर सगळंच मुसळ केरात.

१७. आईजवळ बसून एक पान लिहा. एकच पान, मोठ्या अक्षरात. साधारण असं:

वय ६४, वजन ७२ किलो. उजवा गुडघा, आतली बाजू. आठ महिने दुखतोय, दोन महिन्यांत वाढला. जिना उतरताना जास्त. सकाळी दहा मिनिटं आखडतो, मग मोकळा होतो. संध्याकाळी सूज. पूर्वी मंडईपर्यंत चालत जायची, आता निम्म्या वाटेत बसावं लागतं. पडलेली नाही. ताप नाही. मधुमेह, रक्तदाब आहे. पेनिसिलिनचं वावडं.

बघा, "खूप दुखतं" असं कुठेही लिहिलेलं नाही. काय करता येत नाही ते लिहा, डॉक्टरांना त्यातूनच जास्त कळतं. आखडलेपणाची मिनिटं तर नक्की लिहा. तो अर्ध्या तासाच्या आत सुटतो की तासभर राहतो, यावर निदानाची दिशा बदलते.

१८. सगळी औषधं एका पिशवीत भरा. बीपीची, साखरेची, थायरॉइडची, आयुर्वेदिक काढे, गुडघ्यासाठी कुणी दिलेली पुडीसुद्धा. नावं आठवून सांगू नका, पाकिटंच न्या. बिनलेबलच्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. ती पुडी लपवली तर नुकसान आईचंच.

१९. जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. नवा वर, जुना खाली. एक्स-रेची फिल्म गुंडाळून रबर लावू नका, तडे जातात. रिपोर्ट मोबाईलमध्ये आले असतील तर आदल्या रात्रीच एका फोल्डरमध्ये ठेवा. दवाखान्यात रेंज गेली म्हणून शोधाशोध नको.

२०. कपडे ठरवा. दोन्ही गुडघे मांडीपर्यंत सहज उघडे करता यायला हवेत. सैल सलवार, गाऊन किंवा साधी पाचवारी चालेल. चुडीदार आणि काष्ट्याची नऊवारी नको. त्या सकाळी गुडघ्याला मलम किंवा तेल लावू नका, त्याच्या वासात आणि लालीत खरी सूज ओळखणं अवघड होतं.

२१. आईला नेहमीसारखं खायला घाला. साध्या तपासणीला उपाशी जायची गरज नाही. बीपीच्या, साखरेच्या गोळ्या वेळेवर द्या. नंबर लांबला तर साखर उतरू शकते, म्हणून खाऊ पिशवीत ठेवा.

टप्पा चौथा: दवाखान्यात

२२. केस पेपर काढा. नाव, वय आणि फोन नंबर बरोबर लिहिलाय ना, ते वाचून बघा. मोठं रुग्णालय असेल तर आरोग्यमित्र कुठे बसतात तेही आत्ताच विचारून ठेवा. पुढे खर्चिक उपचार निघाले तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते तेच सांगतात. खासगी विमा असेल तर कार्ड दाखवा.

२३. आत गेल्यावर आईला बोलू द्या. ते पान डॉक्टरांच्या समोर ठेवा आणि गप्प बसा. डॉक्टरांनी विचारलं "काय होतंय?" आणि उत्तर तुम्ही दिलंत, तर आईच्या तोंडून येणारं नेमकं वाक्य हातचं गेलं. विसरलेलं तेवढं शेवटी जोडा.

२४. दुखणारी जागा एका बोटानं दाखवायला सांगा. आई सगळा तळवा गुडघ्यावर फिरवून "इथे सगळीकडे" म्हणेल. हसून पुन्हा विचारा, "सगळ्यात जास्त कुठे?" आतली बाजू, वाटीच्या मागे, की गुडघ्याच्या पाठीमागे, यावरून बरंच काही ठरतं.

२५. डॉक्टरांना हातानं तपासू द्या. ते आधी आईची चाल बघतील. मग दोन्ही गुडघ्यांची ऊब ताडतील, वाटी दाबून आत पाणी साठलंय का बघतील, सांध्याच्या रेघेवर अंगठा फिरवतील, गुडघा वाकवून सरळ करतील, पट्ट्या ढिल्या आहेत का ते हलवून बघतील. खुबाही फिरवतील. "दुखतोय गुडघा, बघताय कंबर?" असं आईला वाटेल, पण खुब्याच्या दुखण्याची कळ गुडघ्यात उतरते. कुठे दुखलं की तिथल्या तिथे सांगायचं, सोसायचं नाही, हे आईला आधीच सांगून ठेवा. गुडघ्यात कटकट आवाज येतो पण दुखत नाही, तर त्या आवाजाची काळजी सोडा.

२६. औषधाचं वावडं आणि जुने आजार तोंडानं सांगा. पानावर लिहिलंय तरीही. मूत्रपिंडाचा त्रास, पोटातला अल्सर, दमा, रक्त पातळ करणारी गोळी. चिठ्ठी लिहायच्या आधी सांगा, लिहून झाल्यावर नको.

२७. एक्स-रे काढायला पाठवलं तर उभ्यानं काढायचा का, ते विचारा. गुडघ्याची झीज उभं राहून, पायावर भार असताना काढलेल्या एक्स-रेमध्ये खरी दिसते. झोपून काढला तर सांध्यातली जागा आहे त्यापेक्षा मोठी दिसू शकते. आईला तोल सांभाळता येत नसेल तर तंत्रज्ञाला आधीच सांगा. गुडघ्याचा पट्टा आणि पैंजण काढून ठेवा.

२८. एक्स-रे डॉक्टरांबरोबर बघा. बोट ठेवून विचारा: "जागा कुठे कमी झालीये? हाड कुठे वाढलंय?" झिजेची "ग्रेड तीन" ऐकून घाबरू नका. चित्रात झीज जास्त आणि दुखणं कमी, किंवा याच्या उलट, असं सर्रास दिसतं. आणि "वंगण संपलंय" एवढ्यावर समाधान मानू नका. निदान कागदावर लिहून मागा.

२९. पुढची प्रत्येक तपासणी "यानं उपचार बदलेल का?" असं विचारून करा. वयाच्या साध्या झिजेला एमआरआय सहसा लागत नाही. गुडघा अडकतो, सांध्याची पट्टी किंवा आतली गादी फाटल्याची शंका आहे, तेव्हा लागतो. सूज आणि ताप असेल, किंवा वातरक्ताची (गाऊटची) शंका असेल, तर रक्त तपासतात, सांध्यातलं पाणीही सुईनं काढून बघतात. एमआरआय ठरला तर पेसमेकर किंवा शरीरात कुठे धातू असल्याचं लगेच सांगा.

३०. गुडघ्यात इंजेक्शन सुचवलं तर त्याचं नाव विचारा. स्टेरॉइड असेल तर आराम काही आठवडे ते काही महिने टिकतो, कायमचा नाही. आईला मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, घरी मोजत राहा. इंजेक्शननंतर गुडघा लाल, गरम झाला किंवा ताप आला तर त्याच दिवशी परत या.

३१. ऑपरेशन सुचवलं तर होकार त्याच खुर्चीत देऊ नका. झिजेसाठी सांधा बदलणं हे सहसा तातडीचं काम नसतं. व्यायाम, वजन, औषधं करून झाली, तरी चालणं आणि झोप दोन्ही गेली, मग तो विचार. फाईलची प्रत घ्या आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत विचारा, चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही. केंद्र सरकारनं २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आहे. म्हणून सांध्याचं नाव, कंपनी आणि किंमत बिलात वेगळी दाखवायला सांगा.

३२. उठायच्या आधी पाच प्रश्न विचारा. नेमकं काय झालंय? आईनं रोज काय करायचं? काय टाळायचं? परत कधी यायचं? काय झालं तर तारखेची वाट न बघता यायचं? उत्तरं त्याच पानाच्या मागे लिहा. दाराबाहेर आल्यावर निम्मं विसरतं.

टप्पा पाचवा: घरी परतल्यावर

३३. औषधाची चिठ्ठी केमिस्टच्या दुकानातच वाचून घ्या. किती दिवस, जेवणाआधी की नंतर, ते पाकिटावर पेनानं लिहा. सावधान: पाच दिवसांची वेदनाशामक गोळी "बरं वाटतंय" म्हणून दोन महिने चालू ठेवणं हीच घरोघरची मोठी चूक. मुदत संपली की बंद.

३४. फिजिओथेरपीची पहिली वेळ त्याच आठवड्यात ठरवा. गुडघ्याला शेवटी मांडीचे स्नायूच सांभाळून घेतात, आणि ते व्यायामानंच घडतात. व्यायाम आईकडून आधी फिजिओथेरपिस्टसमोर करून घ्या, मग घरी.

३५. साधा व्यायाम रोज करून घ्या. डॉक्टरांनी हो म्हटलं असेल तर हा करा. आईला पलंगावर पाय लांब करून बसवा. गुडघ्याखाली टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवा. गुडघ्यानं टॉवेल खाली दाबायला सांगा, मनात पाचपर्यंत मोजा, सोडा. असं दहा वेळा. तुमचा हात तिच्या मांडीवर ठेवा, स्नायू घट्ट होतोय हे हाताला कळलं पाहिजे. श्वास रोखू देऊ नका, बीपी वाढतं. थोडं दुखलं तर चालेल, कळ येऊ लागली तर थांबा.

३६. घरात चार बदल करा. कमोड किंवा कमोडची खुर्ची, बाथरूममध्ये धरायला दांडा, स्वयंपाकघरात उंच स्टूल, पूजेला खुर्ची. जिन्यात चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे आईकडून दोनदा करून घ्या. पायपुसणं सरकतं असेल तर आजच काढा.

३७. वजनाचा काटा काढा. वजन जास्त असेल तर हा उपाय गोळीइतकाच कामाचा. एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. उपास करायला लावू नका. आईला मधुमेह असेल तर आहार डॉक्टरांना विचारूनच बदला.

३८. पुढची तारीख मोबाईलमध्ये आजच टाका. जाताना नवं पान लिहा, त्याच पद्धतीनं: आता जिना किती मजले जमतो, चालणं किती वाढलं, गोळी किती दिवस लागली. पहिलं पान त्याला टाचणी लावून न्या. दोन्ही शेजारी ठेवली की फरक पडला की नाही, हे डॉक्टरांना एका नजरेत कळेल, आणि उपचार चालू ठेवायचे की बदलायचे ते त्याच भेटीत ठरेल.